दुसरी भट्टी

मोजायला सरकारी माणूस दारात आला की आकडा वाढवून सांगायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. मोजणी म्हणजे अनुदान, एवढंच गावाला ठाऊक. म्हणून अर्पिता कंत्राटी नोकरीवर लागून वाशी तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या मोजत आत्याच्या दारात पोचली, तेव्हा कस्तुराबाईनं कढईतलं उलथनं न थांबवता सांगितलं, "दोन लिव्ह."

"आत्या, एकच तर हाय की तुमची."

"हाय. पर लिव्हायला तुझ्या बापाचं काय जातंय? व्हय, माझाच भाऊ हाय त्यो, मला ठाव हाय त्याचं काय जातंय."

अर्पिता हसली आणि तिनं दोन लिहिल्या. मग गावोगाव तेच झालं, एकाच्या दोन, दोनाच्या चार. नवरा गेल्यापासून कस्तुराबाईनं त्या एका भट्टीवर घर चालवलं होतं. अर्पिताच्या कॉलेजची फीसुद्धा तिथंच आटवलेल्या दुधातून आली होती. चार चांगले दिवस आले तर आत्याला आधी यावेत, असंच तिला वाटत होतं.

आकडे कशाला हवे होते, ते तिला बैठकीत कळलं. देशाचं कर्ब उत्सर्जन कमी करायचं, तर आपल्या भागात आधी कुठल्या धंद्याला हात घालायचा, हे ठरवायला समिती बसली होती. महामार्गावरच्या ट्रकांचा विषय निघाला, तर वाहतूकदारांचे सोमेशअण्णा टेबलावर हात आपटून म्हणाले, "ट्रक थांबले की बाजार बसला." साखर कारखान्याचं नाव कुणी घेतलंच नाही, कारण कारखान्याचे संचालक अध्यक्षांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. वीटभट्टीवाल्यांचाही माणूस होता. खव्यावाल्यांचं तेवढं कुणी नव्हतं.

"लाकूड जाळतात, आणि संख्या बघा केवढी!" अध्यक्ष म्हणाले. "पहिला नंबर खव्याच्या भट्ट्यांचा. पाडून टाका."

गरिबाचा धूर तेवढा सगळ्यांच्या डोळ्यांत जातो!

अर्पिता मागच्या खुर्चीवर होती. आकडा निम्मा खोटा आहे, एवढंच उठून सांगायचं होतं. पण मग तो कुणी लिहिला, हेही सांगावं लागलं असतं, आणि तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती बसून राहिली.

पंधरा दिवसांनी पथक निघालं. यादी तिची, म्हणून तिलाही जीपमध्ये घेतलं. आत्याच्या दारात पथकाचे प्रमुख लिंबाजीराव उतरले आणि त्यांच्या माणसांनी पहारी घातल्या. मातीची भट्टी, चार घावांत बसली. कढई अंगणात उपडी पडली. कस्तुराबाईनं ती उचलून भिंतीला टेकवली.

"दुसरी कुठंय?" लिंबाजीरावांनी विचारलं.

"दुसरी न्हाय."

"यादीत दोन हायेत, बाई. दोन्ही पाडल्याचे फोटो गेल्याबिगर माझा कागद पुढं सरकत न्हाय." ते अर्पिताकडं वळले. "मॅडम, यादी तुमचीच न्हवं? मग खोटं लिव्हलं का काय?"

सांगून टाकावं असं अर्पिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. कस्तुराबाईनं भाचीकडं एकदाच पाहिलं.

"खोटं कशानं?" ती म्हणाली. "दुसरी आत हाय. या."

ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीवर वरणाचं पातेलं रटरटत होतं. तिनं ते पदरानं धरून खाली उतरवलं, विस्तवावर तांब्याभर पाणी ओतलं आणि बाजूला झाली.

"ही दुसरी. घाला पहार."

चूल फुटली. लिंबाजीरावांनी मोबाईल काढला आणि मॅडमला मालकिणीशेजारी उभं राहायला सांगितलं.

"आत्या..." अर्पिताला हुंदका आवरेना.

"डोळे पूस," कस्तुराबाई म्हणाली. "फोटू काढायलेत."