फुलीचे बटाटे

नॅन एफीच्या तळघराची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असे. घरामागच्या टेकडीच्या पोटात खणलेलं ते तळघर, त्याला दोन दारं: बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, नाहीतर बर्फाचा वारा आत शिरतो. आत दोन लाकडी कप्पे. डावा थोरल्या सुनेचा, मर्टलचा. उजवा धाकटीचा, डॅफ्नीचा.

मागच्या उन्हाळ्यात नॅन म्हणाली होती, "माझे गुडघे गेले. जिचे बटाटे जूनअखेर, कॅपलिन मासे किनाऱ्याला लागेपर्यंत टिकतील, तिच्या गळ्यात ही किल्ली." बोलली दोघींसमोर, पण बघत होती मर्टलकडे. निदान डॅफ्नीला तसं वाटलं.

वाटायला कारणही होतं. दोघींनी बियाणं नॅनच्याच टोपलीतून घेतलेलं, खत तेच, कॅपलिन आणि समुद्री शेवाळ. तरी आदल्या वर्षी डॅफ्नीचे बटाटे फेब्रुवारीतच सुरकुतले आणि मर्टलचे जूनमध्येही दगडासारखे टणक. डॅफ्नी शहरात वाढलेली, कॉलेजात आहारशास्त्र शिकलेली. तिने पुस्तकं चाळली, तळघरात थर्मामीटर टांगला, पण उत्तर सापडेना. त्यात तिची अडीच वर्षांची टेसा घरी एक घास खायला अर्धा तास लावी आणि मर्टलकडे उकडलेले बटाटे मीठ लावून दोन-दोन खाई. "काकूचा बटाटा गोड," म्हणे. मर्टलला मूलबाळ नव्हतं. टेसाला मांडीवर घेऊन ती भरवायला बसली की डॅफ्नी खिडकीशी उभी राहून हसे आणि आतून जळे.

मग उत्तर सापडलं. बटाटे खराब होत नाहीत, बदलले जातात! मर्टल आपले सुरकुतलेले उजव्या कप्प्यात टाकते आणि टणक उचलून नेते. एकदा हे डोक्यात शिरल्यावर झोप कसली लागणार? नोव्हेंबरात बटाटे भरून झाले, तशी ती एका दुपारी टेसाला नॅनजवळ ठेवून, किल्ली मागून तळघरात गेली आणि वरच्या वीस बटाट्यांवर खिळ्याने बारीक फुली मारली. डाव्या कप्प्यात फुलीचा एक जरी बटाटा निघाला, तरी चोर हाती लागणार होता.

हिवाळाभर ती दर आठवड्याला आपल्या फुल्या मोजत राहिली. वीसच्या वीस, म्हणून डाव्या कप्प्यावरचं पोतं उचलून बघायची गरज पडली नाही. मर्टलही येई, पोत्याखाली हात घालून बटाटे चाचपी, जाताना उजवीकडे नजर टाकी. डॅफ्नीने ती नजर मनात टिपून ठेवली.

मार्चमध्ये बर्फाने दोन आठवडे तळघराचं दार अडवलं, आणि ते मोकळं झालं तसा नॅनला वास आला. दोघींना घेऊन, काठी टेकत ती स्वतः खाली उतरली. डॅफ्नीचे वरचे वीस काळे पडून पाघळले होते; खालचे सुरकुतलेले, पण शाबूत. नॅनने डावीकडचं पोतं सारून कंदील धरला, तर तिथे निम्मा कप्पा सडलेला, आणि त्या चिखलातल्या प्रत्येक बटाट्यावर फुली.

डॅफ्नीने वाकून एक फुली बोटाने चाचपली. सापडली! पण दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, आपल्या फुल्या वीस. इथे शंभराच्या वर होत्या, आणि रेघा नीटस, जणू पट्टी लावून मारलेल्या.

"हे कुणाचं शहाणपण?" नॅनने विचारलं. "बटाट्याची साल म्हणजे त्याचा कोट. थंडीत कोट फाडलात तर तो मरणारच की."

"माझंच," मर्टल खाली बघत म्हणाली. "साल फाडू नये, हे मला काय माहीत नाही? पण हिच्या कप्प्यात फुल्या दिसल्या. म्हटलं, कॉलेजात शिकवत असतील. ही जिंकणार, किल्ली हिची होणार, आणि टेसाही मग आमच्याकडे कशाला येईल? म्हणून मीही मारल्या."

नॅनने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग सुस्कारा टाकून गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली डॅफ्नीपुढे धरली. "वीसच गेलेत तुझे. घे."

गप्प बसायचं, हात पुढे करायचा, एवढंच काम होतं. डॅफ्नीचा हात उठलाही. पण मर्टलची मान खालीच होती आणि कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. खिडकीशी उभं असताना आपलेही कान असेच पेटत असणार, असं डॅफ्नीला वाटलं.

"कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत," ती म्हणाली. "चोर ओळखायला मारल्या होत्या फुल्या."

"कोण चोर?" मर्टलने विचारलं.

डॅफ्नीची नजर डाव्या कप्प्याकडे गेली. मर्टल तिच्याकडे बघत राहिली, आणि उत्तर तिला मिळालं.

नॅनने दोरा पुन्हा गळ्यात अडकवला, किल्ली स्वेटरच्या आत सोडली. "म्हणजे अजून वर्षभर मला मरायची सोय नाही," ती म्हणाली. "उचला बादल्या. सडका एकही राहता कामा नये."

दोघी बादल्या भरून बाहेर काढू लागल्या. चौथ्या खेपेला मर्टल पुटपुटली, "विचारलं असतंस, तर आधीच सांगितलं असतं. तू बटाटे धुऊन ठेवतेस, पोरी. म्हणून सुरकुततात."

टेकडी उतरताना डॅफ्नीचं लक्ष दोन्ही बादल्यांकडे गेलं. मर्टलची काठोकाठ होती, आपली अर्धीच. सडलेसुद्धा हिचेच जास्त, असं मनात आलं आणि पुढची बादली काठोकाठ भरायला तिने पावलं भरभर उचलली.