अडीच वार म्हणजे नव्वद इंच

मी एक जुना गज आहे. शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना पितळी टोपणं, लांबी बरोबर एक वार, म्हणजे छत्तीस इंच. कर्जतच्या बाजारात अकरम मास्तरच्या शिलाईच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, मी कापड मोजलं तितकीच माणसंही बडवली आहेत. ज्याचं माप चुकलं त्याच्या बोटांवर मी बसलो. मला त्याची लाज नव्हती, उलट तोरा होता.

माझ्या अंगावर तीन खिळे आहेत. पहिला नऊ इंचांवर, तो पाव वार. दुसरा अठरावर, अर्धा. तिसरा सत्तावीसवर, पाऊण. मास्तर शाळेत फारसा गेला नाही, पण नुसतं 'सव्वा' म्हणा, त्याचं बोट पंचेचाळीसवर. 'दीड' म्हणा, चोपन्न. चाळीस वर्षांत तो कधी अर्ध्या इंचानेही चुकला नाही. गिऱ्हाइकं त्याची वाहवा करत आणि मी त्यातली निम्मी माझ्या नावावर जमा करत असे.

दुकानात तय्यबा अकरा वर्षं मशीनवर शिवत होती. बाई अबोल, हात मात्र सोन्याचा. तिला एकच गोष्ट हवी होती, कापायच्या टेबलामागची जागा. जो कापतो तो मास्तर, बाकीचे शिवणारे, असा आमच्या धंद्याचा कायदा आहे. मास्तरची नजर अधू होत चालली होती. शेवटी तो म्हणाला, "माथेरानचे पडदे होऊ दे, मग कात्री तुझी." त्या दिवशी तिने आनंदाने दोन वेळा सुईत दोरा चुकवला.

माथेरानला हर्षलाताईंचं हॉटेल आहे. बावीस पडद्यांचं कापड त्यांनी स्वतः निवडून पाठवलं होतं. त्या छापाचं तेवढंच उरलं होतं. माप फोनवर लिहून आलं: एक पडदा २.५ वार.

मास्तरने फोन डोळ्यांजवळ धरला. मला कापडावर दोनदा ठेवलं आणि पुढे पाच इंच मोजून खडूची रेघ मारली.

तय्यबा मशीनवरून उठली. "मास्तर, ते दोन वार पाच इंच नाय. अडीच हाय. नव्वद इंच."

"माणसाची उंची पाच पॉइंट चार म्हंजे पाच फूट चार इंचच ना? मग दोन पॉइंट पाच म्हंजे दोन वार पाच इंच. मला शिकवतेस?"

"तसं नाय हो ते. पॉइंट पाच म्हंजे अर्धा. मधल्या खिळ्यावर लावा."

तिने बोट माझ्या मधल्या खिळ्यावर ठेवलं होतं. मास्तरने मला त्या बोटाखालून ओढून काढलं आणि तिच्याच हातावर हाणलं. पितळी टोपण सांध्यावर बसलं. ती खाली बसून शिवू लागली. बावीस पडदे सत्त्याहत्तर इंचांवर कापले गेले.

हर्षलाताई आल्या, पडदा उलगडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मास्तर, अडीच वार सांगितलं होतं मी! हा तेरा इंच आखूड आहे."

'अडीच' हा शब्द कानावर पडला आणि मास्तरला सगळं कळलं. मी त्याच्याच मुठीत होतो. मग तो म्हणाला, "तय्यबानं कापलेत."

"मी नाय कापलं," तय्यबा म्हणाली. "मी तर सांगत होते..."

"थांब. अडीच वाराचे इंच किती?" हर्षलाताईंनी विचारलं.

"नव्वद."

"म्हणजे तुला माहीत होतं! माहीत असून आखूड कापलंस, ते मुद्दामच की."

बरोबर उत्तर दिल्याची अशी शिक्षा मी तरी दुसरी पाहिली नाही. ती मास्तरकडे बघत राहिली. मास्तर कात्रीला तेल लावत राहिला.

हर्षलाताई गेल्यावर तो खाली बघूनच बोलला. "उद्यापासून येऊ नको. जाताना गज पुसून ठेव."

आणि तिने मला पुसलं. पदराच्या टोकाने, सुजलेल्या हाताने, तिन्ही खिळ्यांच्या कडांचा मळ काढून पुसलं. आता ती साजगावच्या एका कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवते. तिथे मोजायचं काही नसतं.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूने 'माझी काळजी घ्या' म्हणायचं असतं. माझी घेऊ नका, मला खुशाल बंबात घाला. पण कुणी बरोबर असून मार खात असेल आणि तुम्ही जवळ उभे असाल, तर बोला. मी लाकूड आहे म्हणून गप्प राहिलो. त्या दिवशी दुकानात आणखी चार कारागीर होते.