हॉलमागची गार गाडी

डॉक्टर शशिधर पेंढारकरांनी जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी मोठी गाडी, विकत घेतली, तेव्हा स्लाऊमधल्या मराठी मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. आणि त्या गाडीला ते एसी बसवणार आहेत हे कळल्यावर तर विचारूच नका! "इंग्लंडात एसी? अहो, इथला उन्हाळा मंगळवारी येतो आणि बुधवारी जातो!" लोकांना काय, बोलायला काय जातंय? खरं कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

कारण होतं डॉक्टरांच्या घरातच. त्यांच्या पत्नीला, यमुनाबाईंना, एमएस होता, मल्टिपल स्क्लेरोसिस. मोठा लहरी आजार. थंडीत बाई बऱ्यापैकी चालत-फिरत, पुरणाचा घाटसुद्धा घालत. पण जरा उकाडा झाला की पायांतलं बळ जाई, बोटांची पकड सुटे, हातातली वाटी कधी पडली ते पडल्यावरच कळे. गारव्यात थोडा वेळ बसलं की पुन्हा सगळं जागेवर. आणि एकुलत्या एका मुलीचं, मीनलचं, लग्न ठरलं होतं पंच्याण्णवच्या जूनअखेरीला, स्लाऊमधल्याच एका हॉलमध्ये. त्या हॉलच्या खिडक्या चार बोटांपलीकडे उघडत नसत आणि पंखा म्हणाल तर नावालाही नव्हता.

"मला दुसरं काही नको," यमुनाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "कन्यादानाच्या वेळी आईने झारीने धार धरायची असते, तेवढी माझ्या हाताने होऊ दे. मधेच तुटली, हात लटपटला, झारी पडली, तर मला आयुष्यभर सोसायचं नाही हो ते."

आणखी एक हट्ट होता. आजाराचं नाव मुलाकडच्यांपाशी काढायचं नाही. जावई अजय, त्याला मीनलने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण त्याच्या आईला, जवळच्या रेडिंग गावातल्या सुप्रभाबाईंना, सांगायला यमुनाबाईंची जीभ रेटेना. आईला असलं काही आहे म्हटल्यावर त्या माझ्या पोरीकडे कुठल्या नजरेने बघतील, ही धास्ती.

शशिधररावांनी डोकं लढवलं. आपल्याकडे मुलीची आई मंगलाष्टकांना मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी जाऊन बसते. मग तुळशीची कुंडी ठेवायची मोटरहोममध्ये, मोटरहोम हॉलच्या मागच्या दाराशी, आणि आत गारवा! मंगलाष्टकं संपेपर्यंत यमुना थंडगार होऊन कन्यादानाला हजर. कुणाला संशयसुद्धा यायचा नाही.

आता एसी कुठला? जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग पडला. डॉक्टरांना सगळ्यात मोठा हवा होता. बायकोच्या बाबतीत काटकसर कसली! मदतीला होते उदय, हाउन्सलोला राहणारे त्यांचे जुने मित्र. ते विमानतळावरच्या मालाच्या थंड ट्रकांचं काम बघत.

"डॉक्टर, वीज हॉलमधूनच घ्यायची ना? हा राक्षस सुरू होताना एकदम इतकी वीज ओढतो की हॉलचा फ्यूज उडेल," उदय म्हणाले. "मग म्हणा मंगलाष्टकं बिनमाईकची."

"मग कूलर? नागपूरला आमच्या घरी वाळ्याचा कूलर असायचा, काय गार वाटायचं!"

"नागपूरची हवा कोरडी हो," यमुनाबाई आतून ओरडल्या. "इथल्या दमट हवेत मी गार व्हायची नाही, नुसती ओली होईन."

गाडीच्या इंजिनावर चालणाराही एक प्रकार होता, पण मग इंजिन तासभर घरघरत ठेवायचं आणि वऱ्हाडाच्या नाकात धूर. तोही बाद झाला. दोघे पुरुष वाद घालून घालून दमले, तेव्हा यमुनाबाई काठी टेकत बाहेर आल्या.

"मला जरासा गारवा हवाय, सिमला नकोय. छोटाच घ्या, कमी वीज खाणारा. आणि ऊन आत येऊच देऊ नका, म्हणजे त्या बिचाऱ्याला काम कमी पडेल."

मग तसंच ठरलं. छप्पर पांढऱ्या रंगाने रंगवलं. खिडक्यांना आतून चंदेरी शीट लावली. ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा सोडला, म्हणजे गार करायला फक्त मागची खोली उरली. छताला नवीन भोक पाडायला डॉक्टर धजावेनात. म्हणून हवेसाठी छतात जी छोटी खिडकी होती तीच काढली आणि त्या चौकोनात एसी बसवला. वजन पेलायला खालून लाकडी पट्ट्या, कडेने पाणी न शिरण्यासाठी चिकट पट्टी. मग डॉक्टर शिडीवर चढून बागेच्या पाइपने छतावर पाणी मारत बसले आणि उदय आत वर तोंड करून उभे. एक थेंब गळला नाही.

मे महिन्यातल्या एका उन्हाच्या दुपारी चाचणी झाली. गाडी उन्हात, यमुनाबाई आत. थोड्या वेळाने त्यांनी पाणी भरलेली झारी उचलली आणि बादलीत धार धरली. सरळ, न तुटणारी. शशिधररावांचे डोळे भरून आले आणि ते उगाचच एसीचं झाकण पुसायला लागले. घरच्या माणसाला थँक्यू काय म्हणायचं, म्हणून यमुनाबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या पोळीवर तूप जरा जास्तच पडलं.

"वहिनी, एक लक्षात ठेवा," जाताना उदय म्हणाले. "हा दोन माणसांचा एसी आहे. दार सारखं उघडलंत, माणसं वाढली, की संपलं."

लग्नाच्या दिवशी असं काही ऊन तापलं की ज्यांनी एसीला नावं ठेवली होती तेच पत्रिकांनी वारा घेत होते. सीमांतपूजन होईपर्यंत यमुनाबाईंचे पाय लटपटायला लागले. शशिधररावांनी कोपराला धरून, गप्पा मारतोय असं दाखवत, त्यांना गाडीत नेऊन बसवलं आणि दार लावून ते मांडवात पळाले. आत तुळस, झारी आणि गारवा. हळूहळू बोटांत जीव यायला लागला.

आणि दारावर टकटक झाली.

"विहीणबाई, आत येऊ का हो? बाहेर जीव चाललाय!" सुप्रभाबाई होत्या, पैठणीत घामाघूम झालेल्या.

आता सांगा, विहिणीला दारातून परत पाठवायचं? तेही लग्नाच्या दिवशी? मराठी बाईच्या तोंडून ते शब्द निघायचेच नाहीत. "या ना, या, बसा!" यमुनाबाई बोलून गेल्या. सुप्रभाबाईंमागून त्यांच्या दोन जावा चढल्या, जावांमागून नणंद. "अगंबाई, काश्मीरच की!" नणंदेने दार उघडून आणखी एकीला हाक मारली. यमुनाबाई तरी कशा, मनातून हादरलेल्या आणि तोंडाने सरबताचा आग्रह करतायत! छतावरचा बिचारा छोटा एसी घरघरत राहिला, पण आत उकडायला लागलं. बोटं पुन्हा बधिर झाली. एकदा बघावं म्हणून यमुनाबाईंनी झारी उचलली, ती सुटली, आणि सगळं पाणी विहीणबाईंच्या पैठणीवर.

मांडवात भटजी माइकवरून वधूवरांना बोलावत होते.

"विहीणबाई, मला आजार आहे," यमुनाबाई म्हणाल्या. आता लपवून काय करणार? "उकाड्याने माझे हात जातात. म्हणून ही गाडी, हा एसी. मला तेवढी कन्यादानाची धार धरायची होती. आता नाही होत बहुतेक."

सुप्रभाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "अजयला माहीत आहे?"

"हो. पहिल्यापासून."

"मग मलाच का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली हो. माझ्या मुलीला तुम्ही कमी लेखाल अशी."

सुप्रभाबाईंनी पडलेली झारी उचलून यमुनाबाईंच्या शेजारी ठेवली. मग उठल्या आणि कडाडल्या, "चला गं, सगळ्या उतरा खाली! आत्ताच्या आत्ता!" बायका धडाधड उतरल्या. शेवटी त्या स्वतः उतरल्या आणि धाडकन दार ओढलं.

रागावल्या. लग्नाच्या दिवशी विहीण रागावून गेली! यमुनाबाईंना रडू कोसळलं. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. दर कडव्याला "सावधान" ऐकू येई आणि त्या पदराने डोळे टिपत. पण आत एकट्याच असल्यामुळे गारवा परतला होता. रडता रडताच त्यांच्या लक्षात आलं, पदराचं टोक बोटांना लागतंय. बोटं आपली होत होती.

तेवढ्यात दाराशी कुणाचा तरी आवाज आला. "आत जाऊ द्या ना, काकू, पाचच मिनिटं."

"अजिबात नाही. मुलीची आई तुळशीपाशी बसली आहे."

यमुनाबाईंनी चंदेरी शीटची कड सरकवून बाहेर पाहिलं. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, गाडीच्या पायरीवर सुप्रभाबाई बसल्या होत्या. पाठ दाराला टेकलेली, पैठणी ओलीच. हॉलमध्ये शेवटचं "सावधान" झालं, टाळ्या कडाडल्या, त्यांच्या मुलाच्या डोक्यावर अक्षता पडल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने यमुनाबाई नवऱ्याचा हात धरून मांडवात आल्या. मीनलने आईची बोटं चाचपली. "आई, तुझे हात एकदम कोल्ड आहेत!" ती म्हणाली आणि हसली, कारण थंड म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. यमुनाबाईंनी पुन्हा भरून घेतलेली झारी तिरकी केली. मंत्र संपेपर्यंत धार चालू होती. एकदाही तुटली नाही. शशिधररावांनी ओंजळीतल्या पाण्याकडे न बघता सगळा वेळ बायकोकडेच बघितलं, आणि यमुनाबाई सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं हो हे."

मग त्या वळल्या. सुप्रभाबाई घाम पुसत कडेला उभ्या होत्या.

"विहीणबाई, एकुलत्या एका मुलाच्या अक्षता चुकल्या तुमच्या. माझ्यापायी."

"व्हिडिओवाला आहे की," सुप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे बघितल्यात? दोघी मिळून बघू. पण तुमच्या त्या गाडीत बसून हं, आणि दार मी लावणार."