सत्त्याण्णव मुलींच्या रांगा

सकाळपासून मैदानात उभं राहून शिलाबाईंच्या पायांत गोळे आले होते. हिंगोली जिल्हा झाल्यानंतरचा पहिलाच प्रजासत्ताक दिन, त्यामुळे कवायतीच्या रांगा अगदी सारख्या असाव्यात असा मुख्याध्यापक तातेराव सरांचा हट्ट. मुली होत्या सत्त्याण्णव. बाईंनी दोन-दोनच्या, तीन-तीनच्या, पाचच्या, सातच्याही रांगा करून पाहिल्या. दरवेळी कोणी ना कोणी उरायचंच.

“आता अकराच्या करून बघा,” सर म्हणाले.

“काई उपयोग न्हाई, सर. अकरा अकरा एकशे एकवीस, ते सत्त्याण्णवच्या पुढं गेलं. सातापर्यंत कशानंच भाग जात न्हाई, म्हणजे ही मूळ संख्याच हाये.”

“मग एक पोरगी कमी करा. ती शेवटची. तिचा गणवेशबी विटलाय.”

शेवटी उभ्या असलेल्या साधनानं मान खाली घातली. तिला बसवलं असतं तर बाईंचं काम तिथंच संपत होतं. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, पदर कमरेला खोचला आणि साधनाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“झाल्या अठ्ठ्याण्णव,” त्या म्हणाल्या. “सात-सातच्या चौदा रांगा लावा, सर.”

सरांनी शिट्टी फुंकली. कवायत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि ठणकणारे पाय उचलत बाईही मुलींबरोबर चालू लागल्या.