तिच्या नावाचं खातं

निपाणीत घरबसल्या ब्लाउज शिवून चार पैसे सुटले की त्रिशला मैत्रिणीला रोख देऊन गुपचूप मोबाईलवर बिटकॉइन घ्यायची. "त्याला तुझ्याशिवाय कोण हात लावू शकत न्हाय, नवराबी न्हाय," असं त्याच मैत्रिणीनं छातीठोक सांगितलं होतं. आज बेळगावात स्वतःचं शिवणाचं दुकान टाकायला तिनं ते सगळं विकलं. पैसे बँकेत जमा झाले. खातं तिच्याच नावाचं होतं, पण लग्नानंतर नवऱ्यानं, अभिनंदननं उघडून दिलेलं. खात्याचा सगळा कारभार त्याच्याच मोबाईलवरून चालायचा. तासाभरात त्याचा फोन आला.

"लई गुणाची गं तू! एवढं साठवलंस आणि बोलली न्हाईस? त्यातनं गाडीचं कर्ज फेडून टाकलं बघ मी. संध्याकाळी तयार राहा, बेळगावला फिरवून आणतो."