उलट्या बाजूची वरात

"हे तुम्ही मानणार नाही, आणि मानलंत तर मला तुमचीच काळजी वाटेल," असं मी रितिका मॅडमना आधीच बजावलं. मागाहून तक्रार नको.

मॅडम इंजिनियर. यंदाच बदली होऊन खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या आमच्या कॉलनीत आल्या. आल्या आल्या गणपतीच्या मंडळात ओढल्या गेल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारू नये ते विचारलं: दर वर्षी तोच जुना पिक्चर का? ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये जगभरचे सिनेमे असताना मैदानात पांढरं कापड बांधून तोच का? मंडळाची माणसं आपापल्या चपलांकडे पाहू लागली. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, मंडपाचे बांबू ठोकणं चालू असताना, मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगायला बसलो.

समोर मारोतराव पडद्याच्या कापडात दोऱ्या ओवत होता. राखेच्या पंपावर मेकॅनिक म्हणून त्याची उमर गेली. कोळशाची राख पाण्यात कालवून तलावाकडे ढकलणारे ते पंप. रिटायर झाला आणि पडद्याचं काम त्याच्याकडे आलं. तो फार कमी बोलतो, म्हणून त्याची गोष्ट मी त्याच्यासमोरच बिनधास्त सांगतो.

तर पिक्चर. हिंदी, प्रेमाचा, हसवणारा. नवरदेवाच्या डोळ्यांवर सेहरा, बँडवाले पिऊन तर्र, आणि वरात चुकून भलत्याच दारात जाऊन उभी राहते. दार उघडणारी मुलगी म्हणते, "आ ही गए हो, तो पानी पीके जाओ." पुढं सारा पिक्चर ती आणि तो नवरदेव भांडत राहतात, आणि शेवटी त्याच दारात खरी वरात येते. बस्स, एवढंच. पण आमच्या कॉलनीतली लेकरं 'आई' म्हणायच्या आधी ते पाण्याचं वाक्य म्हणतात. लोक विनोद यायच्या आधी एकदा हसून घेतात आणि आल्यावर पुन्हा हसतात.

मैदान अरुंद, म्हणून पडदा पहिल्यापासून मधोमध. पुरुष पुढं, बाया मागं. मागून सगळं उलटं दिसतं. हीरो डावखुरा, दुकानांच्या पाट्या उलट्या. आता कोणी कोणाला अडवत नाही, तरी बाया मागंच बसतात. यमुताई एकदा पुढच्या बाजूला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, हा कोणता वेगळाच पिक्चर लावला.

या यमुताईंनीच पहिल्यांदा पाहिलं. वरात पडद्यावर आली होती, पुढं आम्ही हसून लोळत होतो, आणि मागची बाजू गप्प झाली. वरातीतल्या गर्दीत झांज वाजवत आमचे कॅन्टीनचे दादाजी चालले होते. खरे दादाजी त्या वेळी माझ्या शेजारी बसून फल्लीदाणे खात होते. दसऱ्याच्या आत छातीत कळ येऊन ते गेले. पुढच्या साली इंदूबाई दिसल्या, थंडीत त्याही गेल्या. तेव्हापासून असं चालत आलंय. वरात निघाली की पडद्याच्या एका अंगाला हशा, आणि दुसऱ्या अंगाला श्वास धरून बसलेल्या बाया, एकेक चेहरा तपासत.

मंडळ घाबरलं. एका वर्षी त्यांनी नवा पिक्चर आणला. माणूस त्याही वर्षी गेलाच, पण कोणाला आधी कळलं नाही, कोणी जवळ बसून चार शब्द बोलून घेतले नाहीत. पुढच्या बैठकीला बायाच येऊन धडकल्या.

"मरनारा मरतेच गा," यमुताई म्हणाल्या. "जुनाच लावा. कोनासंगं गोड बोलून घ्याव लागते, थे तरी समजते."

इथपर्यंत ऐकून रितिका मॅडमनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मला जरा जोर चढला.

मग मी कौसल्येच्या गोष्टीकडे वळलो. कौसल्या म्हणजे या मारोतरावाची बायको. दोघांची जन्माची भांडणं. एखाद्या दिवशी त्या क्वार्टरमधून आवाज आला नाही तर शेजारी चौकशीला जायचे. एका गणपतीत वरात आली, त्या साली बाकीच्या बायांना कोणीच ओळखू आलं नाही, पण कौसल्येनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिला मारोतराव दिसला होता. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन, वरातीच्या कडेकडेनं चाललेला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भांडण सोडलं. हा म्हणाला, भाजीत मीठ नाही. तिनं मीठ आणून दिलं. म्हणाला, आता जास्त झालं. तिनं दही वाढलं. याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. शेवटी यानं तिच्या माहेरावर घसरून पाहिलं. कुहीच्या लोकांना धान कधी कापावं याची अक्कल नाही, असं भर अंगणात बोलला. एरवी एवढ्यावर त्या घरात दंगल झाली असती.

"खरं हाय तुमचं," कौसल्या म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

कॉलनीनं काय समजायचं ते समजून घेतलं. मारोतरावाची शिडी वर्षानुवर्षं ज्याच्याकडे पडून होती, त्यानं ती धुऊन परत आणून दिली. शोभाताईंनी सणवार नसताना पुरणपोळ्या पाठवल्या. बाया त्याला रस्त्यात पाहून बाजूला व्हायच्या आणि तो गेल्यावरही पाहत राहायच्या. आणि हा जिवाला भ्यालेला गडी रोज नवं भांडण उकरून काढत होता, तिनं एकदा तरी उलट बोलावं म्हणून. ती बोलली नाही. ती त्याला नुसतं पाहत राहायची, जेवताना, झोपताना, सायकल पुसताना.

साल संपत आलं. तान्हा पोळा झाला की गणपती. पोळ्याच्या आधी एका दुपारी कौसल्या या रिकाम्या मंडपात आली. मूर्ती यायची होती, नुसता चौरंग मांडलेला. ती चौरंगासमोर बसली आणि म्हणाली, त्याच्या जागी मले ने. मी त्या बांबूंच्या मागंच उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं. तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती तेव्हा, कौसल्या गेली. अंगाला ताप नाही, काही नाही. आणि हा पाहा, समोर जिता बसला आहे.

रितिका मॅडमचे डोळे भरले. मारोतरावाकडे पाहायची त्यांची हिंमत होईना.

मारोतरावानं दोरी खाली ठेवली.

"खोटं बोलून राह्यले, बापूजी," तो म्हणाला.

मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला, हसल्याही. त्यांना वाटलं, तो साऱ्याच गोष्टीला खोटं म्हणतोय. मलाही तसंच वाटलं, आणि मी बचावाला तोंड उघडणार होतो.

"तिनं वरातीत मले नोतं पाह्यलं. सोताले पाह्यलं होतं. घरी आली अन् भाकर टाकता टाकता मले सांगतलं. म्हनून मी सालभर भांडन काढत होतो. म्हटलं, भांडत बसली त जायाचं इसरून जाईल."