सात समेटपत्रं

ठाण्यात नवरा-बायकोचं भांडण आलं की ते समेटकाकांच्या टेबलाकडे जायचं. काका हवालदार होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि संसार सांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघांना समोर बसवायचं, चहा मागवायचा, 'भांड्याला भांडं लागायचंच' म्हणायचं आणि खणातून छापील कागद काढायचा. कागदावर तीन ओळी असायच्या. वाद किरकोळ होता. चूक दोघांचीही आहे. आमची तक्रार नाही. खाली दोघांच्या सह्या घेतल्या की वीस मिनिटांत काम फत्ते. गुन्ह्यांचा आकडा खाली राहिला म्हणून साहेब खूश, आणि काकांच्या पदरात पुण्य.

त्या मंगळवारी सकाळी गल्लीतली शिंपीण आठव्यांदा आली. ओठ फुटला होता. नवरा मागोमाग आलाच. मोटार चालवायला शिकवणारा, तोंडात साखर असलेला माणूस. काकांनी सवयीने खण उघडला आणि कागद पुढे सरकवत नेहमीचं वाक्य म्हटलं.

शिंपिणीने पेन उचललं नाही.

"काका, भांड्याला भांडं लागलं तर दोन्हींना पोचे येतात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला किती आलेत ते मोजून सांगा. मग सही करते."

नवरा हसला. बायकोचं तोंड तिच्या शिवणयंत्रासारखं आहे, एकदा सुरू झालं की थांबत नाही, म्हणाला. काकाही हसणार होते, पण दारात नव्या फौजदार बाई उभ्या होत्या.

कायदा बदलून तीन महिने झाले होते. बाईंनी तो ठाण्यात दोनदा समजावून सांगितला होता आणि काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती. आता घरातल्या मारहाणीची तक्रार ठाण्यात मिटवता येत नव्हती. ती नोंदवावीच लागे आणि मारणाऱ्याला त्याच दिवशी घराबाहेर काढावं लागे. शिक्षाही बदलली होती. पूर्वी प्रत्येक मार सुटा धरला जाई. दंड भरला की माणूस संध्याकाळी घरी. आता मागचं सगळं जोडून पाहायचं होतं. वर्षानुवर्षांचा छळ सिद्ध झाला तर तुरुंग ठरलेला.

बाईंनी स्वतः तक्रार लिहून घेतली, नवऱ्याला अटक केली आणि जुने सात कागद मागवले. काका दुखावले. हा कायदा घरं मोडणार, आपण सात वेळा एक घर वाचवलं त्याचं हे फळ, असं बोलूनही गेले.

बाईंनी सातही कागद टेबलावर ओळीने मांडले.

"मजकूर राहू द्या. फक्त तिच्या सह्या बघा."

पाच सह्या तिच्या टाक्यांसारख्या रेखीव होत्या. तिसरी आणि सहावी वेडीवाकडी, लहान मुलाने गिरवल्यासारखी. काकांना आठवलं. त्या दोन्ही वेळा तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तिने डाव्या हाताने सही केली होती, आणि कागद सरकू नये म्हणून तो दाबून धरणारा हात काकांचा होता.

"समेटाला दोन माणसं लागतात, काका, आणि दोघांनाही 'नाही' म्हणता यावं लागतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "हात मोडलेल्या शिंपिणीला तुम्ही ज्या घरी परत पाठवलंत, तिथे तिला 'नाही' म्हणता येत होतं?"

काकांनी तिसरा कागद उचलून पुन्हा पाहिला.

पुढची अडचण बाईंनी सांगितली. दवाखान्यात तिने दोन्ही वेळा 'पाय घसरला' असंच सांगितलं होतं. आधीच्या मारहाणीचा पुरावा म्हणजे हे सात कागद, आणि सातांवरही 'चूक दोघांचीही'. नवऱ्याचा वकील तेच वाचणार. कोर्टाने ते खरं धरलं तर आठवा मार सुटा ठरेल, दंड होईल आणि नवरा त्याच घरात परत जाईल. कागद खोटे आहेत असं सांगू शकणारा माणूस एकच होता. त्याने सांगितलं तर खात्याची चौकशी त्याच्यावरच बसणार, हेही बाईंनी लपवलं नाही.

कोर्टात वकिलांनी ती ओळ सात वेळा वाचली. मग साक्षीला उभ्या असलेल्या काकांना विचारलं, "चूक दोघांची, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"नाही साहेब. ते लिहिलेलं नाही, छापलेलं आहे," काका म्हणाले. "ही बाई ठाण्याची पायरी चढायच्या आधीच तिची चूक छापून तयार होती. गठ्ठाच होता माझ्या खणात. तिची चूक कोणती, हे मी सात वेळांत एकदाही विचारलं नाही."

त्यांनी दोन वाकड्या सह्यांबद्दल सांगितलं. गळ्यातल्या हाताबद्दल सांगितलं आणि कागद दाबून धरणाऱ्या हाताबद्दलही. मागच्या बाकावर शिंपीण ताठ बसली होती. ती नवऱ्याकडे रोखून बघत होती, आणि या वेळी मान त्याने खाली घातली.

आठही घटना जोडून एकच गुन्हा धरला गेला. तीन वर्षांची शिक्षा झाली.

काकांवर चौकशी बसली. ठाण्यात कुणी त्यांना 'मोडकाका' म्हणू लागलं. काकांनी ते नावही मान्य केलं. फाटलेलं मी शिवत नव्हतो, वरून इस्त्री फिरवत होतो, एवढंच ते म्हणाले.

मंडळी, कायदा बदलला म्हणून खणातला गठ्ठा आपोआप जात नाही. तो ज्याच्या खणात आहे त्यालाच काढावा लागतो. आणि तो एकट्या काकांच्या खणात नव्हता. शेजारच्या भिंतीतून किंकाळी ऐकू आली की 'तिनेही काही केलं असेल' असं आपण मनात म्हणतो, तेव्हा तोच छापील कागद आपण पुढे सरकवत असतो. फाडून टाका तो. सोसणाऱ्याची सही घेऊन घर वाचत नाही. वाचतो फक्त मारणारा.

काकांच्या टेबलावर आता कोरे कागद असतात. परवा एक तरुण बाई आली. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, माझंही थोडं चुकलं असेल.

"ते मागून बघू, ताई," काका पेन उघडत म्हणाले. "आधी हात दाखवा."